चेनसॉ घेताय? आधी सुतळी घ्या आणि खोडाचा घेर मोजा

भातकापणी उरकली की ठाणे जिल्ह्यातून दरवर्षी एकाच तऱ्हेचे प्रश्न येतात. पावसाळ्यात आडवी झालेली झाडं बांधावर, परसात, कुणाच्या गोठ्याच्या पत्र्यावर तशीच पडून असतात. कोयत्या-कुऱ्हाडीने उरकत नाही, मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग चेनसॉ घ्यायचं ठरतं आणि माणूस थेट दुकानात जाऊन उभा राहतो. घोळ तिथून सुरू होतो. यंदाच्या काही प्रश्नांची उत्तरं देतो.

प्रश्न (शहापूर तालुका): घराभोवती वीस गुंठे जागा आहे. पडलेली सुबाभूळ, एक गुलमोहर आणि दोन वठलेले आंबे काढायचे आहेत. दुकानदार ६२ सीसीची, २२ इंची बारची (चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) मशीन घ्या म्हणतो. छोटी घेतली तर पुढच्या वर्षी मोठी घ्यावीच लागेल असं त्याचं म्हणणं. काय करावं?

उत्तर: नका घेऊ. दुकानदाराला तुमची झाडं माहीत नाहीत, त्याला फक्त कोपऱ्यात पडलेला माल माहीत आहे.

सुतळी घ्या. जिथे कापायचं तिथे खोडाला वेढा द्या आणि घेराला तीनाने भागा. ३६ इंच घेर म्हणजे साधारण १२ इंच जाडी. त्याला १४ इंची बार पुरते, १६ इंची भरपूर झाली. खोड याहून जाड असेल आणि जमिनीवर आडवं पडलेलं असेल, तर दोन्ही बाजूंनी कापून १६ इंची बार जवळपास दुप्पट जाडीपर्यंत पोचते. उभं जाड झाड पाडायचं असेल तर ते तुमचं काम नाही. रोजचा लाकूडतोड्या बोलवा, त्याचे पैसे द्या आणि लांब उभे राहा.

घरच्या कामाला ३५ ते ४५ सीसी आणि १४ किंवा १६ इंची बार, एवढंच लक्षात ठेवा. २२ इंची मशीन तेल-पेट्रोल भरून सहा-सात किलोवर जाते. सकाळी तिचं काही वाटत नाही. दुपारी तीनला हात लोंबायला लागतात, बारचं टोक खाली जातं, आणि अपघात नेमके त्याच वेळी होतात. शिवाय बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या मशिनींवर स्टिकर ६२ चा असला म्हणजे आत ६२ सीसीचा पिस्टन असेलच असं नाही. कमी ताकदीच्या इंजिनाला लांब बार लावली की चेन लाकडात रेंगाळते, क्लच तापतो आणि मशीन वर्षभरात भंगारात जाते.

दुकानात हँडलसमोरचा चेन ब्रेक पुढे ढकलून पाहा. ‘टक्’ आवाज आला पाहिजे. मग इंजिन बंद असताना, हातमोजा घालून चेन ओढा. ती जरासुद्धा सरकता कामा नये. ब्रेक सोडा आणि पुन्हा ओढा, आता ती हाताने फिरली पाहिजे, पण बारच्या खाली लोंबता कामा नये. मागच्या हँडलवरचं वरचं बटण दाबल्याशिवाय ॲक्सिलरेटर दाबला जातो का, तेही बघा. दाबला गेला तर ती मशीन तिथेच ठेवा. शेवटचं विचारायचं ते सुट्या भागांचं: चेन, प्लग, एअर फिल्टर, स्टार्टरची दोरी तालुक्याच्या गावी मिळते का? ‘मागवून देतो’ हे उत्तर नाही. ऑनलाइन दोन हजार वाचवले आणि दोरी तुटल्यावर मशीन महिनाभर माळ्यावर पडली, असे लोक मला दर तालुक्यात भेटतात.

मशीन उलटी उसळते ती बारच्या टोकाच्या वरच्या भागाला लाकूड लागलं की. टोकाने कापू नका. दुकानदार प्रात्यक्षिक दाखवताना हमखास टोकानेच कापून दाखवतो, ते बघून शिकू नका. वादळात पडलेल्या झाडात फांद्या कमानीसारख्या ताणलेल्या असतात. आधी दबलेल्या बाजूला उथळ काप घ्या आणि मग ताणलेल्या बाजूने तोडा. उलट केलंत तर फांदी चिरत येऊन तोंडावर बसते. एकट्याने नाही, चपला घालून नाही, लुंगीवर तर नाहीच. डोळ्यांना गॉगल, कानात बोळे, पायात जाड बूट. आणि वायरीला टेकलेल्या झाडाला हात लावायच्या आधी वीज कंपनीला कळवा.

प्रश्न (मुरबाड तालुका): दिवाळीत मशीन घेतली. आता निळा धूर सोडते, ताकद कमी झाली आणि काप तिरका जातो. मेकॅनिक म्हणाला टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं ते) वाढवा आणि चेन बदला. नवी चेन आणली, तीही आठवड्यात बोथट.

उत्तर: धूर येतोय तो ऑइल जास्त झाल्यामुळे, आणि मेकॅनिक सांगतो आणखी वाढवा! वाढवू नका. कंपनीच्या पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर एका लिटर पेट्रोलला २० मिली. २५:१ असेल तर ४० मिली. ‘थोडं जास्त टाकलं तर इंजिनाला बरं’ हे दुकानदाराचं आवडतं वाक्य आहे, आणि ऑइलची बाटली तोच विकतो. जास्त ऑइलने प्लग काळा पडतो, सायलेन्सरमध्ये काजळी धरते, ताकद उतरते. कमी टाकलं किंवा विसरून नुसतं पेट्रोल भरलं तर पिस्टन जागेवर चिकटतो, मग इंजिनाचं काम निघतं. अंदाजाने, बाटलीच्या झाकणाने मोजू नका. औषधाच्या दुकानातून दहा रुपयांची सिरिंज आणा आणि तिने मोजा. फवारणीच्या औषधाला लागू असलेला नियम इथेही तोच: लेबलवर जे लिहिलंय तेवढंच, ना थेंब जास्त ना थेंब कमी.

मिसळलेलं पेट्रोल महिन्यापेक्षा जास्त ठेवू नका. हल्ली पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते हवेतली ओल धरतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर लवकर. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. पुढच्या हंगामात कार्बोरेटर साफ करायचे पैसे वाचतील.

बारला लागणारं चेन ऑइल वेगळं, ते दुसऱ्या टाकीत जातं. तिथे ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातले लोखंडाचे बारीक कण ऑइलचा पंप आणि बार दोन्ही खातात, आणि ते ऑइल उडतं तुमच्याच हातावर, तुमच्याच मातीत. पेट्रोल भराल तेव्हा चेन ऑइलही भरायचं, दोन्ही एकाच वेळी. ते पोचतंय की नाही हे बघायला बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरा आणि ॲक्सिलरेटर दाबा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

आता चेन. नवी चेन आठवड्यात बोथट होते याचं कारण चेन वाईट हे नसतं. पडलेलं खोड जमिनीसकट कापलं, चेन मातीला लागली, की दात गेले. दगड लागला तर एका क्षणात गेले. खोडाखाली ओंडका सारून ते उचलून घ्या. जमत नसेल तर वरून जाडीचे चारातले तीन हिस्से कापा, खोड फिरवा आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने.

धार गेली की नाही हे चेन स्वतःच सांगते. धार असली की ढलप्या उडतात, धार गेली की पिठासारखा भुसा पडतो. भुसा दिसला आणि मशीन दाबून कापावं लागलं की थांबा. इंजिन बंद करा आणि चेनचा एक दात उन्हात तिरका धरून बघा. धारेवर बारीक पांढरी रेघ चमकत असेल तर धार गेली. चांगल्या धारेवर उजेड थांबत नाही.

गोल कानस आणा आणि घरीच घासा. हे मी प्रत्येक गावात सांगतो आणि प्रत्येक गावात लोक मान डोलावून चेन ग्राइंडरवाल्याकडे नेतात. तो दात निळा पडेपर्यंत तापवतो. निळ्या दाताचा कडकपणा गेला, तो पुन्हा धार धरणार नाही. कानशीचा व्यास चेनप्रमाणे बदलतो: लहान मशिनींवरच्या बारीक ३/८ चेनला ४ मिमी, .३२५ ला ४.८ मिमी (हे आकडे चेनच्या कड्यांच्या मापाचे, इंचात). बारवर चेनचं माप कोरलेलं असतं, ते वाचून दाखवा आणि तीच कानस मागा. कानस फक्त पुढे ढकलायची, मागे ओढायची नाही. दातावरच्या रेघेच्या तिरकसपणाने, बहुतेक चेनला ३० अंश. एका बाजूच्या सगळ्या दातांना सारखे दोन-तीन हात, मग दुसऱ्या बाजूला तेवढेच. तुमचा काप तिरका जातो याचं बहुतेक हेच कारण: एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड. दातापुढची ठेंगणी उंचवटी असते तीही चार-पाच वेळा घासल्यावर सपाट कानशीने किंचित उतरवायची, पण माप लावूनच. जास्त उतरवली तर चेन लाकडाला झोंबते आणि मशीन हातात धडपडते. ‘जास्त खोल चावेल, लवकर कापेल’ म्हणून ती मुद्दाम उतरवून देणारे मेकॅनिकही आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका.

टाकी भरायला थांबलात की कानस फिरवा, दर वेळी. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढं केलंत तर लहान मशीनही मोठ्या मशीनइतकं काम देते आणि चेन कितीतरी टिकते.

प्रश्न (ठाणे, घोडबंदर रोड): बंगल्याच्या आवारात रेन ट्रीची फांदी मोडून पडली, झाडही झुकलंय. इलेक्ट्रिक चेनसॉ घेऊन आम्हीच कापलं तर चालेल का?

उत्तर: पडलेली फांदी कापा. झुकलेलं झाड नाही. महापालिका हद्दीत झाडं १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली येतात, तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आवार तुमचं असलं तरी. धोका असेल तर फोटो काढून आजच उद्यान विभागाला कळवा. ठाण्याला जे लागू तेच नवी मुंबईला.

ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड अधिनियम आहे. साग, आंबा, फणस, मोह, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ, हिरडा अशी झाडं त्याच्या यादीत आहेत. खाडीकाठची कांदळवनंही आहेत, त्यांना तर हातच लावू नका. शहापूरच्या भावांनी वठलेल्या आंब्यांसाठी आधी अर्ज करावा. लाकूड गाडीत भरण्यापूर्वी वाहतूक परवान्याचं विचारा. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा आहे, ठेकेदाराशी परस्पर सौदा नको.

इलेक्ट्रिक मशीन आवाराला ठीक आहे. २००० वॅटला साधं पाच अँपिअरचं सॉकेट चालत नाही, १५ अँपिअरचं लागतं. घरातली पातळ एक्स्टेंशन तापते, जाड तांब्याची केबल घ्या. ओल्या गवतावर चालवू नका. हल्ली एका हातात धरायच्या छोट्या बॅटरी मशिनी निघाल्यात. मनगटाएवढ्या फांदीला त्या छान आहेत, पण दोन्ही हातांनी धरा, जाहिरातीतल्यासारखं एका हाताने नाही.

प्रश्न (कल्याण तालुका): चेनसॉला अनुदान आहे का?

उत्तर: कृषी यांत्रिकीकरण योजनेतून, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. शेतकरी ओळख क्रमांक हवा. त्या वर्षीच्या घटक यादीत चेनसॉ आहे का ते आधी बघा. पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करा, आधी घेतलेल्याला पैसे मिळत नाहीत. ‘आत्ता घ्या, बिलाची तारीख नंतर टाकू’ म्हणणाऱ्या दुकानात पाऊल ठेवू नका. आणि वर्षातून चार दिवस लागणार असेल तर अवजारे बँकेतून भाड्याने घ्या.

प्रश्न (भिवंडी तालुका): सुबाभूळ कापली की पुन्हा फुटते. दुकानदाराने तणनाशक दुप्पट करून बुंध्यावर ओतायला सांगितलं. जुन्या आंब्याच्या फांद्याही याच मशीनने छाटायच्या आहेत.

उत्तर: दुप्पट मुळीच नाही. लेबलवर नसलेलं काम आणि लेबलवर नसलेलं प्रमाण, दोन्ही चुकीचं. बुंधा जमिनीलगत कापा आणि फुटवे अंगठ्याएवढे होण्याआधी दर वेळी ओरबाडून काढा, बुंधा थकतो. पाला शेळ्यांना घाला, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. बारीक फांद्या आणि उरलेला पाला राब (भाताच्या रोपांची जागा) भाजायला जाळू नका, आंब्याच्या आळ्यात पसरा.

आंबा पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात छाटा. पावसात छाटू नका, काप कुजतो. फांदी जड असेल तर आधी खालून थोडा काप, मग वरून, नाहीतर साल खोडापर्यंत सोलत जाते. काप तिरका ठेवा, पाणी साचता कामा नये. त्याच दिवशी कापावर बोर्डो पेस्ट (काप कुजू नये म्हणूनचा लेप) लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या बादलीत. लोखंडी भांडं वापरू नका. मोरचूद वाढवू नका. पेस्ट लावायचं उद्यावर ढकललंत तर खोडकिडा आज रात्रीच वास काढत येतो.