पुडीतली पांढरी गोळी

आमच्या गल्लीतले डॉक्टर चार प्रकारच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतात. नाव विचारलं तर "तापाच्या आहेत" एवढंच सांगतात. पण दोन डोसांत माणूस उठून बसतो! हे बरोबर आहे का? (बार्शी)

स्वतःच्या पेशंटला दवाखान्यातून औषध द्यायची मुभा डॉक्टरांना कायद्यानंच आहे. चूक आहे ती नाव न सांगण्यात. दोन डोसांत उठवून बसवणारी गोळी अनेकदा त्यातली सगळ्यात बारकी असते: डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड. (रंगावरून ओळखायला जाऊ नका.) ताप उतरतो, अंग मोकळं होतं, भूक लागते, आजार असतो तिथंच असतो. दम्याच्या अटॅकमध्ये हेच औषध जीव वाचवतं, तेव्हा औषधाला बोल लावू नये. पण मधुमेह्याची साखर त्यानं भलतीच चढते. गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने पुडी खाणाऱ्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. चेहरा गोल, हाताची कातडी कागदासारखी पातळ. घरचे म्हणत होते, "आजीनं तब्येत धरलीय."

अशी पुडी कित्येक आठवडे चालू असेल तर एकदम बंदही करू नका. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. डोस हळूहळू उतरवावा लागतो. आणि नावं कागदावर लिहून मागा. रात्री दोनला अंगावर गांधी उठल्या आणि हॉस्पिटल गाठावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला "एक लाल, दोन पांढऱ्या" यावरून काय कळणार?

आईला अशक्तपणा वाटला की ती सलाइन लावूनच घेते. दोन दिवस टवटवीत असते. (परभणी)

बाटलीवर बहुतेक "डीएनएस" लिहिलेलं असेल. अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर, साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. म्हणजे पाचेक चमचे साखरेचं लिंबू सरबत, शिरेतून! त्यात बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन सोडलं की बाटली पिवळी होते आणि पैसे वसूल वाटतात. उलट्या थांबत नसतील, पोटात पाणी ठरत नसेल, तर सलाइन हवीच. हृदय किंवा किडनी अधू असेल तर मात्र तेच पाणी छातीत साठू शकतं. आईचं हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या.

सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारवत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी "सुई नको, गोळीनं भागेल" म्हणायचो आणि पेशंट उठून समोरच्या दवाखान्यात शिरताना खिडकीतून दिसायचा.

सर्दीला दर वेळी अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात, तीन दिवसांत बरं वाटतं. मग आता थेट मेडिकलमधूनच आणू का? (सातारा)

नको. साधी सर्दी विषाणूची. अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक त्याला लागूच पडत नाही. सर्दी उतरायच्या सुमारासच तुम्ही गोळी सुरू करता आणि श्रेय तिला जातं. पाकिटावरची उभी लाल रेघ चिठ्ठीशिवाय घेऊ नये यासाठीच आहे. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स तर २०१४ पासून एच-वन यादीत, म्हणजे विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. ती देताना दुकानदारानं पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवायची असते. तुमच्या मेडिकलवाल्यानं ती वही कधी उघडलेली पाहिलीय?

प्रत्येक चिठ्ठीत पँटोप्राझोल, म्हणजे अ‍ॅसिडिटीची गोळी, कशाला? (पनवेल)

सवयीनं. वय साठीच्या पुढे, आयब्युप्रोफेनसारखं वेदनाशामक चालू किंवा पूर्वी अल्सर झालेला असेल तर योग्यच. तिशीतल्या माणसाला तीन दिवसांच्या पॅरासिटामॉलबरोबर गरज नाही. घ्यायचीच झाली तर नाश्त्याआधी अर्धा तास. जेवणानंतर तिचा उपयोग कमी होतो.