केरी वॉल्श जेनिंग्ज इतकी लोकप्रिय कशामुळे झाली?

मुख्यतः विजयातील सातत्यामुळे. अमेरिकेची ही खेळाडू २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये इनडोअर व्हॉलीबॉल संघात होती. वाळूवर दोघींच्या जोडीने खेळल्या जाणाऱ्या बीच व्हॉलीबॉलकडे ती त्यानंतर वळली. मिस्टी मे-ट्रेनरच्या साथीने तिने २००४, २००८ आणि २०१२ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली आणि या तिन्ही स्पर्धांतील २१ सामन्यांत मिळून या जोडीने केवळ एकच सेट गमावला, हा तपशील मला पदकांहूनही थक्क करणारा वाटतो. दरम्यान त्यांनी सलग ११२ सामने जिंकले होते. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये खेळताना केरी गर्भवती होती, हे नंतर उघड झाल्यावर तिच्याविषयीचे कुतूहल खेळाच्या चाहत्यांपलीकडेही पोहोचले. मिस्टीच्या निवृत्तीनंतर, २०१६ मध्ये रिओला तिने एप्रिल रॉससह कांस्यपदक मिळवले.