सौंदर्यस्पर्धा जिंकलेली मुलगी गायिका होऊ शकते का?

तुम्ही विचारलंय की तुमची मुलगी इथे सोलापुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, शहरातल्या एका सौंदर्यस्पर्धेत पहिली आली आणि आता कॉलेज सोडून मुंबईला जाऊन गायिका व्हायचं म्हणते. असं खरंच कुणी झालंय का, की हे नुसतं वेड आहे? मी सोलापुरातच मुलींना गाणं शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते.

झालंय. व्हनेसा विल्यम्स या अमेरिकन गायिकेचं नाव तुमच्या मुलीला सांगा आणि तिची सगळी गोष्ट वाचायला लावा.

व्हनेसा १९६३ साली जन्मली, न्यूयॉर्क राज्यात वाढली. आई-वडील दोघंही संगीतशिक्षक. लेकीच्या जन्माची बातमी कळवताना त्यांनी कार्डावर हौसेनं लिहिलं होतं, ‘ही पाहा मिस अमेरिका!’ पण घरात तिच्याकडून करून घेतलं ते संगीत. पुढे सिरॅक्यूज विद्यापीठात ती संगीत नाटकाचंच शिक्षण घेत होती. सप्टेंबर १९८३ मध्ये ती मिस अमेरिका झाली, तो मान मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय मुलगी. त्या स्पर्धेत कलागुणांची वेगळी फेरी असते आणि त्या फेरीत ती गायली होती. म्हणजे मुकुट डोक्यावर आला तेव्हा गळा आधीच तयार होता. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पुढचा भाग वाचताना मला आजही राग येतो. स्पर्धेच्या आधी काढलेले तिचे काही खासगी फोटो एका मासिकानं तिच्या संमतीशिवाय छापायचं ठरवलं, आणि जुलै १९८४ मध्ये, वर्ष पूर्ण व्हायला काही आठवडे उरले असताना, तिला पद सोडावं लागलं. एकवीस वर्षांची पोर. देशभर बदनामी, जिवे मारण्याच्या धमक्या. ज्यांनी फोटो विकले आणि छापले त्यांच्यापेक्षा जास्त शिक्षा तिनं भोगली. ती मिटून जाईल असंच सगळ्यांनी धरलं होतं.

ती गात राहिली. पहिला अल्बम १९८८ मध्ये आला. १९९२ मध्ये तिचं ‘सेव्ह द बेस्ट फॉर लास्ट’ हे गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत सलग पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. हे गाणं मी वर्गातल्या मुलींना मुद्दाम ऐकवते, इंग्रजी कळो न कळो. तिनं त्यात कुठेही आवाज चढवून दाखवलेला नाही. खालच्या सुरात, जवळ बसून बोलल्यासारखी सुरुवात करते, ओळ संपताना श्वास अपुरा पडत नाही आणि शेवटचा शब्द सुरावरून घसरत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली वरच्या पट्टीतली गाणी निवडतात, कारण टाळ्या तिथे मिळतात. खर्जात त्यांचा आवाज विरून जातो. व्हनेसाची कमाई त्या खालच्या सुरातली आहे. १९९४ मध्ये ती ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर गेली, रोज रात्री प्रेक्षकांसमोर गायली. आणि २०१५ मध्ये त्याच मिस अमेरिकेच्या मंचावर संस्थेच्या प्रमुखांनी तिची जाहीर माफी मागितली. मुकुट गेला होता तरी गाणं गेलं नव्हतं, म्हणून ती त्या मंचावर परत उभी राहू शकली.

आपल्याकडचं उदाहरण म्हणाल तर प्रियांका चोप्रा, २००० सालची मिस वर्ल्ड. २००२ मध्ये पहिल्याच सिनेमात, तमिळमध्ये, तिनं गाणं म्हटलं होतं हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. २०१२-१३ मध्ये विल.आय.ॲम आणि पिटबुल या अमेरिकन रॅपरांसोबत इंग्रजी गाणी आली, गाजावाजा खूप झाला, पण गायिका म्हणून ती ओळख टिकली नाही. मला तिचं मनापासून आवडतं ते ‘व्हेंटिलेटर’मधलं ‘बाबा’. सिनेमा २०१६ चा, गाणं मराठी. तिचे वडील २०१३ मध्ये गेले होते, त्यांनाही गाण्याची आवड होती. त्या गाण्यात करामत काही नाही, पण प्रत्येक शब्द तिनं समजून म्हटलाय. मुकुटामुळे पहिल्या गाण्याला कान मिळतात. दुसऱ्या गाण्यापासून गळाच लागतो.

तुमच्या घरी तेलुगू बोलतात असं तुम्ही लिहिलंय. ही केवढी मोठी जमेची बाजू आहे! सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू भाषकांच्या वस्तीतल्या मुली तेलुगू घरात, मराठी शाळेत आणि कन्नड शेजाऱ्यांकडे शिकतात. पार्श्वगायनात परक्या भाषेचे उच्चार बसवायला लोक शिकवण्या लावतात, तुमच्या मुलीला ते आयतं मिळालंय. आणि सोलापूर गाण्याला लहान गाव नाही. गायिका-अभिनेत्री फय्याज इथल्याच. ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकातली त्यांची झरीना १९६७ मध्ये रंगभूमीवर आली आणि अजून लोक विसरलेले नाहीत.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. स्पर्धा जिंकली की लगेच फोन येऊ लागतात: ‘तुमच्या मुलीचा अल्बम काढतो, एवढे भरा.’ एक पैसाही देऊ नका. ज्याला गाणारी हवी असते तो गाणाऱ्याला पैसे देतो, मागत नाही. माझ्याकडच्या एका मुलीच्या वडिलांनी कर्ज काढून असा व्हिडिओ केला, तो नातेवाइकांपलीकडे कुणी पाहिला नाही आणि पोरीनं गाणंच सोडलं.

कॉलेज सोडू देऊ नका. गाण्याचा रियाज पहाटे होतो, बी.कॉम.चे तास त्यानंतर. तिला आधी कराओके ट्रॅकशिवाय, इको न लावता, फक्त तानपुऱ्यावर एक गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांगा, आणि तिची पट्टी कोणती ते एखाद्या जाणकाराकडून ठरवून घ्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू करायला वीस-एकवीस हे वय अजिबात उशिराचं नाही. त्याच काळात गणपतीत, लग्नांत, इथल्या ऑर्केस्ट्रात गाऊ द्या. समोर माणसं बोलत असताना, माइक मधूनच बंद पडत असताना, घसा बसलेला असताना गाणं निभावून नेता येतं का, हे तिथेच कळतं. पदवी हातात येईपर्यंत हे टिकवलं तर मुंबईला जाताना तिच्याजवळ म्हणून दाखवायला चार भाषांतली वीस-पंचवीस पक्की गाणी असतील. तेव्हा तिला अडवू नका, सोबत जाऊन राहायची सोय नीट लावून द्या.