टर्बो सी मध्ये कंट्रोल एफ९ दाबलं की सगळंच बंद होतंय? हे बघ

भावा घाबरू नको, प्रोग्राम तुझा बरोबरच आहे. टर्बो सी म्हणजे सी भाषेतले प्रोग्राम लिहायचं नि चालवायचं जुनं सॉफ्टवेअर, आणि ते आता डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉस प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवतात. टर्बो सी मध्ये कंट्रोल एफ९ म्हणजे रन आणि डॉसबॉक्स ०.७४ मध्ये तेच बटण म्हणजे डॉसबॉक्सच बंद, तेही न विचारता. मी सांगलीत हॉस्टेलवर असताना सबमिशनच्या आदल्या रात्री सेव्ह न केलेला अख्खा कोड असाच घालवलाय, त्यामुळं आधी एफ२ दाबून सेव्ह करायची सवय लाव.

आता उपाय. डॉसबॉक्स चालू असताना कंट्रोल एफ१ दाब, कीमॅपर (कुठल्या बटणानं काय व्हायचं ते ठरवायची खिडकी) उघडतो, त्यात शटडाऊन लिहिलेलं बटण माउसनं निवड, मग डेल आणि लगेच सेव्ह, सेव्ह विसरलास तर पुढच्या वेळी परत तेच रडगाणं. डॉसबॉक्स बंद करायला एक्झिट टाईप करायचं की, त्यात काय.

आणि लिनक्सवर ॲरो की भलतंच काहीतरी करत असतील तर होम फोल्डरमधल्या लपलेल्या डॉसबॉक्स फोल्डरात कॉन्फ फाईल (सेटिंगची फाईल) असते, तिच्यात एसडीएल च्या भागात यूजस्कॅनकोड्स ट्रू असतंय ते फॉल्स कर. कीबोर्ड लेआउटला मात्र उगाच हात लावू नको, आपल्याकडचे कीबोर्ड यूएसच असतात.