वस्तीवर राहायला जाताना

चि. स अनेक आशीर्वाद.

घराचा नकाशा पाहिला. तीन खोल्या, पुढं पडवी, झकास आहे. पण तो सध्या घडी घालून ठेव. आधी वाट आणि पाणी बघ, घर मग. आटपाडी-सांगोल्याच्या पट्ट्यात गाव एकीकडं आणि माणसं आपापल्या रानात. शेजारचं घर म्हणजे दोन-तीन शेतं ओलांडून दिसणारा दिवा.

वाटेचं म्हणशील, तर आज ट्रॅक्टर जातो म्हणून उद्याही जाईल असं धरू नकोस. तलाठ्याकडं गावनकाशावर गाडीवाट दाखवलीय का ते पाहून घे. वहिवाटीची वाट कुणी नांगरून टाकली किंवा काटे लावले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडं अर्ज होतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गोडीगुलाबीत वर्ष घालवणारे इथंच फसतात. मुळात वाटच नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून मागता येते. अर्ज लिहिताना ही दोन कलमं एकमेकांत घालू नकोस.

पिण्याच्या पाण्यासाठी बोअरवर विसंबू नकोस. उन्हाळ्यात ते मचूळ होतं, नाहीतर आटतं. त्यापेक्षा घराच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी धर. हजार चौरस फूट पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण 93 लिटर. सांडलवंड जाऊन पाऊणशे तरी टाकीत पडतं. वर्षात 400 मिलिमीटर पाऊस झाला, तर तीस हजार लिटर झालं. चार माणसांचं पिणं आणि स्वयंपाक दिवसाला चाळीस लिटरमध्ये भागतो, म्हणजे वर्षाला पंधरा हजारांच्या आत. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोड, कारण पत्र्यावर वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण असते. टाकी जमिनीत, पक्क्या झाकणाची. उजेड आत शिरला की शेवाळ धरतं, फट राहिली की डास.

विजेत एकच खोड सगळ्यांना नडते: स्टार्टरचं ऑटो, म्हणजे लाईट येताच पाण्याची मोटार आपोआप सुरू करणारी सोय. मोटारीची थ्री फेज वीज ठरल्या वेळीच येते, अजून पुष्कळ ठिकाणी एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री उठायला नको म्हणून सगळे ऑटो लावून झोपतात. लाईट आली की डीपीवरच्या, म्हणजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, साऱ्या मोटारी एका दमात उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, मग फ्यूज उडतो. त्यावर कुणीतरी शहाणा जाड तार गुंडाळतो आणि पुढच्या खेपेला डीपीच जळते. तुझ्या डीपीवर किती मोटारी आहेत ते मोज आणि सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाच्या टायमरला दोन-दोन मिनिटांचं अंतर ठरवून दे. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लाव. डीपीला हात लावायचा तो वायरमननंच.

आता ज्वारी. इथला पाऊस मुख्यतः उत्तरा-हस्ताचा. त्याआधी, जुलैतच, रानात दहा बाय वीस फुटांचे वाफे पाडून ठेव, म्हणजे पडेल तो थेंब जागीच मुरेल. मातीची खोली पहारीनं बघ, नुसत्या रंगावर जाऊ नकोस. दीड-दोन फूट काळी असेल तर मालदांडी 35-1 हे वाण, फूटभर माळाची असेल तर फुले अनुराधा. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, बघून. मूठभर माती दाबून गोळा कर आणि कमरेइतक्या उंचीवरून सोड. फुटून भुगा झाला तर पेरायला पाभर धर, नुसता चपटा झाला तर एक दिवस थांब. बियाणं एकरी चार किलो, किलोला चार ग्रॅम गंधक चोळून, म्हणजे कणसावर काणी रोग येत नाही. दोन ओळींत दीड फूट, दोन ताटांत अर्धा फूट.

उगवेल न उगवेल म्हणून एकरी सात-आठ किलो टाकायचा मोह होईल. दाट पीक डिसेंबरापर्यंत डोळ्यांत भरतं, पण जमिनीतली ओल तोवर पिऊन टाकतं. दाणा भरायच्या वेळी खाली काही उरत नाही. कडबा मिळतो, कणसं पोचट. कोळपण्या, म्हणजे दोन ओळींतली माती हलवणं, तीन: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. तिसरी दातेरी कोळप्यानं घाल. तणासाठी नाही, भेगा बुजवण्यासाठी. भेग उघडी राहिली की खालची ओल वाऱ्यावर जाते. पैशाची तंगी झाली तर हीच कोळपणी लोक आधी गाळतात.

आणि पेरायचं ते शिवाराबरोबर. विरळ मुलखात एकट्यानं मागं राहून पेरलं, तर आजूबाजूची खोडमाशी तुझ्याच रोपांच्या कोवळ्या शेंड्यात, पोंग्यात उतरते. एकट्यानं पुढं पेरलं, तर दाण्यात आलेलं एकमेव रान तुझं, आणि अख्ख्या शिवाराची पाखरं तुझ्याकडं. गोफण घेऊन एकटा माणूस किती वेळ ओरडणार?

कडब्याची गंजी घरापासून लांब रच आणि तारांखाली तर नकोच. आगीचा बंब पोचेपर्यंत राख उरते.

झोपायचं खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मण्यार रात्री फिरते, चावल्याचं दुखणं जवळजवळ नसतं, म्हणून लोक 'काहीतरी चावलं' म्हणून परत झोपतात. मग पापण्या जड होतात, जीभ अडखळते. चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. अंग हलू न देता सरळ दवाखान्यात. सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुठल्या ग्रामीण रुग्णालयात मिळतं ते जायच्या आधीच विचारून ठेव. 108 च्या ड्रायव्हरला गट नंबर सांगून काही कळत नाही. डांबरी फाट्यावर वस्तीच्या नावाची पाटी लाव, आणि गाडी बोलावलीस की मोटारसायकलवर कुणाला तरी तिथं उभं कर. त्यासाठी रात्री दोनला फोन उचलणारी दोन घरं लागतात. पहिल्याच महिन्यात त्यांच्याकडं चहाला जाऊन ये, रिकाम्या हातानं नको.

नकाशा सोबत परत पाठवतोय. पडवी पूर्वेला घे.