अमीर, वाली की म्होरक्या?

प्रश्न असा आहे: नायजेरियातल्या बोको हराम या दहशतवादी संघटनेवरच्या मजकुरात तिचा एकेकाळचा नेता अबूबकर शेकाऊ याला कुठे 'अमीर' म्हटलेलं दिसतं, तर कुठे 'वाली'. मराठीत सरसकट 'म्होरक्या' लिहिलं तर काय बिघडतं?

एखाद्या हल्ल्याची बातमी असेल तर काहीच बिघडत नाही. संघटनेतली २०१६ ची फूट सांगायची असेल तर मात्र बिघडतं, कारण अमीर आणि वाली यांच्या अधिकारात जो फरक आहे, त्यावरच ते भांडण पेटलं.

आपल्याकडे अमीर म्हणजे श्रीमंत. अरबीत अमीर म्हणजे हुकूम देणारा. 'अमीर-उमराव' या आपल्या जोडशब्दातला उमराव हे त्याच अमीरचं अनेकवचन. २००९ मध्ये मैदुगुरीत संस्थापक मोहम्मद युसूफ पोलीस कोठडीत मारला गेला आणि शेकाऊ संघटनेचा अमीर झाला. त्याच्या डोक्यावर कोणी नव्हतं. मार्च २०१५ मध्ये त्याने आयसिसचा प्रमुख बगदादी याला बैअत दिली, म्हणजे निष्ठेची शपथ घेतली, आणि संघटनेचं नाव पडलं 'विलायत गर्ब इफ्रिकिया', पश्चिम आफ्रिका प्रांत. यातली विलायत आपल्या ओळखीचीच: 'मुलगा विलायतेला गेला' मधली. अरबीत विलायत म्हणजे प्रांत, आणि प्रांताचा कारभार पाहणारा तो वाली. आपला 'गरिबाला कोणी वाली नाही' मधला वाली त्याच धातूकुळातला, पण मराठीत त्याला पाठीराखा हा अर्थ चिकटला. म्हणून 'बर्नावीला वाली नेमले' (बर्नावी म्हणजे पुढे शेकाऊच्या जागी आणलेला नेता) असं छापलं, तर वाचक भलताच अर्थ घेईल. रामायणातल्या वालीचा इथे अर्थातच काही संबंध नाही.

बैअतीने शेकाऊचं पद बदललं: अमीरचा तो वाली झाला. नेमणूक वरून, म्हणजे उचलबांगडीही वरूनच. ऑगस्ट २०१६ मध्ये आयसिसच्या 'अल-नबा' साप्ताहिकात अबू मुसाब अल-बर्नावीची मुलाखत आली आणि त्याची ओळख छापली होती 'वाली' अशी. हा युसूफचा मुलगा. शेकाऊने ते मानलं नाही आणि संघटनेचं जुनं नाव पुन्हा लावलं. वादाचं मूळ खोल होतं: सरकारी अमलाखाली राहणारे सामान्य मुसलमानही शेकाऊच्या लेखी काफिर, त्यामुळे बाजार आणि मशिदीही त्याचं लक्ष्य. बर्नावीने त्या मुलाखतीतच मशिदी आणि मुसलमानांच्या बाजारांवर हल्ले करणार नाही असं सांगितलं. (ख्रिश्चनांना आणि चर्चना मात्र त्याने उघड धमकी दिली. त्यामुळे त्याला 'मवाळ' म्हणणाऱ्यांनी जपून लिहावं.) शेकाऊ सांबिसाच्या जंगलात राहिला, बर्नावीचा गट चाड सरोवराच्या परिसरात.

वालीपद किती कच्चं असतं, हे पुढे बर्नावीलाही कळलं. २०१८ मध्ये त्याच्या गटातला वजनदार नेता मम्मान नूर याला स्वकीयांनीच संपवलं, आणि मार्च २०१९ मध्ये बर्नावीच्या जागी दुसरा वाली आला. मे २०२१ मध्ये याच गटाने सांबिसात शिरून शेकाऊला कोंडीत पकडलं. शरण जाण्याऐवजी त्याने स्वतःला स्फोटाने उडवून दिलं.

आता मराठीचं. वालीला नेमका शब्द 'सुभेदार' होता, तोही वरून नेमलेला आणि परत बोलावता येणारा, पण आज सुभेदार म्हटलं की फौजेतला हुद्दाच आठवतो. मी 'प्रांतप्रमुख' लिहीन आणि पहिल्या उल्लेखाला 'आयसिसने नेमलेला' हे जोडीन. 'अमीर' ठेवायचा तर एकदा 'सर्वोच्च नेता' असा खुलासा करावा. 'म्होरक्या' मला आवडतो. त्यात टोळीचा वास आहे आणि तो इथे योग्यच आहे. फक्त म्होरक्या कोणी नेमलेला नसतो, म्हणून नेमणुकीच्या वाक्यात तो बसत नाही. शेकाऊनंतर त्याच्या उरलेल्या माणसांना घेऊन वेगळा राहिलेला बकुरा याला खुशाल म्होरक्या म्हणा. तो कोणत्याच विलायतेचा वाली नव्हता.