ट्रॅव्हलर व्हॅनचा कॅम्पर (आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी) आहे, त्याचं छत गळतंय, गच्चीचा वॉटरप्रूफिंग रंग चालेल का?

पत्र्यावर नको. तो रंग सिमेंटसाठी असतो. खाली गंज असेल तर झाकला जाईल, थांबणार नाही.

गळती बहुतेक वेळा पत्र्यातून नसतेच, एक्झॉस्ट फॅनची चौकट, कॅरिअरचे बोल्ट आणि सांधे इथून असते. त्यामुळे आधी चौकट उघडा. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, कारण त्यावर रंग धरतच नाही. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पुन्हा लावू नका, त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो. एम-सीलही नको, ते दगडासारखं घट्ट होतं, गाडी हादरली की चीर पडते. चौकटीखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), बाहेरून कडेला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे फट बुजवणारी लवचीक पेस्ट.

गंज मात्र चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, थिनरने पुसा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. पावसाळी हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवलात तर सकाळी पुन्हा तांबूस. वर पांढरा टू-पॅक (हार्डनर मिसळून लावायचा) पीयू रंग, उन्हात आत फरक जाणवतो. फवारणी गॅरेजवाल्याकडूनच करून घ्या, या रंगाच्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना वाईट.

छत फायबरचं असेल तर गंजाचा भाग सोडा, बाकी हेच. डांबर कुणी कितीही स्वस्तात सांगितलं तरी नको.